मोरीतला समुद्र

वर्षावास सुरू झाला की आमच्या बाहेरच्या खोलीतली पश्चिमेकडची भिंत घाम गाळायला लागते. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन सुरू होतं, कॉलनीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून, छत्र्या सावरत, डबकी टाळत निघतात, आणि त्याच दिवसांत कधीतरी मी स्टुलावर चढून भिंतीवरचा एक फोटो उतरवतो. ओलीने तो खराब होऊ नये म्हणून तीन महिने वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवायचा असतो. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहायचं असतं. आमच्या घरात नेमका त्याच वेळी हा फोटो जागा बदलतो.

यंदा स्टुलावर चढताना गुडघ्याने सगळ्या घराला ऐकू जाईल असा आवाज केला. खाली विमल, माझी बायको, स्टूल धरून उभी होती.

"सावकाश ओ," ती म्हणाली, "समुद्रात पडाल."

फोटो कृष्णधवल आहे, हातभर रुंद. वादळी समुद्र, फुटणाऱ्या लाटा, वर काळ्या ढगांची गर्दी आणि मधोमध पांढरं दीपगृह. दीपगृहातून एक प्रकाशाची पट्टी निघाली आहे, जराशी वाकडी. पाहुणे आधी दीपगृह बघतात, मग लाटा बघतात, आणि खालच्या कोपऱ्यातल्या माणसांकडे लक्ष जाईपर्यंत चहा येतो. मग हमखास प्रश्न येतो, "कुठला हो हा समुद्र? रत्नागिरीचा का?" मी म्हणतो, "गंगापूर धरण." ते हसतात. मी विनोदी माणूस आहे असा माझा जो काही लौकिक आहे, तो या एका उत्तरावर उभा आहे, आणि ते उत्तर अगदी खरं आहे.

आमची मुलगी अशी चित्रं आता मोबाइलवर करते. मागच्या दिवाळीत तिने मला बर्फात उभं केलं, अंगात स्वेटरसुद्धा नसताना. दोन मिनिटं लागली म्हणाली. मला दोन मिनिटांचा हेवा वाटत नाही. मला तो एक पावसाळा लागला होता, आणि तो अख्खा पावसाळा अजून त्या मोरीच्या वासासकट माझ्याकडे आहे.

ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. अंबडला माळरानावर नवे नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यातल्या एकाच्या ड्रॉइंग ऑफिसात मी दिवसभर नटबोल्टांची चित्रं काढत असे. नट वरून, नट बाजूने, नट मधोमध कापून. आठवड्याचे सहा दिवस असे गेले की रविवारी माणसाला वादळाची गरज लागते. बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओतून मी निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडायचा जुना एन्लार्जर आणला होता आणि दोन भिंगांचा एक कॅमेरा, जो पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. आमच्या दोन खोल्यांच्या घरात भरदिवसा अंधार करता येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे मोरी. खिडकीला घोंगडी, दाराच्या फटीला आईचं जुनं लुगडं, खुंटीवर लाल कागद गुंडाळलेला बारका दिवा. पाटावर रसायनांचे तीन ट्रे. रविवारी जेवणं झाली की मी आत जायचो आणि आंघोळ राहिलेल्या माणसाची सोमवारपर्यंत गैरसोय करायचो.

दीपगृहाचं वेड मला केस कापताना लागलं. आमच्या न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी एक कॅलेंडर होतं आणि त्यावर वादळातलं दीपगृह. मान खाली दाबलेली असताना डोळे वर करून मी ते वर्षभर बघितलं. वर्ष संपलं तरी न्हाव्याने कॅलेंडर काढलं नाही, मीच काढू दिलं नाही. समुद्र मी पाहिलेला नव्हता. मुंबईला दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा नातेवाइकांना भेटायला दवाखान्यात, आणि दवाखान्याच्या खिडकीतून समोर भिंत दिसायची. पण न बघितलेल्या गोष्टीची फोटोत जुळवाजुळव करता येते हे मला कळलं होतं. एका निगेटिव्हमधलं आकाश कागदावर पाडायचं, तेवढ्या वेळात कागदाचा खालचा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा. मग निगेटिव्ह बदलून झाकलेल्या जागी पाणी पाडायचं. पुठ्ठा सतत किंचित हलवत ठेवायचा, म्हणजे सांधा दिसत नाही. हात थांबला की सांधा दिसला.

आईला यातलं काहीच शेजारणींना समजावून सांगता येईना. "तुमचा मुलगा दर रविवारी चार-चार तास मोरीत काय करतो ओ?" असं कुणी विचारलं की ती बिचारी म्हणायची, "त्याला उष्णता हाये. पाण्यात बसाया लागतं." फोटोपेक्षा हे पटायला सोपं होतं. हीच उष्णता पुढे कल्याणपर्यंत गेली.

विमलचं स्थळ तिच्या कल्याणच्या काकांमार्फत आलं. तिचं गाव रत्नागिरीच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. वडील शाळेत शिपाई. काकांनी आमच्या कॉलनीत चौकशी केली तेव्हा शेजारच्या काकूंनी प्रामाणिकपणे सांगितलं, मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरी पक्की आहे, फक्त उष्णतेचं तेवढं बघा. बघण्याचा कार्यक्रम काकांच्या घरी झाला. मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा, असं वडीलधारे म्हणाले. मी बराच वेळ चपलांकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्या गावाला दीपगृह आहे का?"

तिने पहिल्यांदाच मान वर केली.

"आहे," ती म्हणाली. "अंगणातून दिसतं."

मी जागच्या जागी होकार दिला. मी मुलगी नव्हे, दीपगृह पसंत केलं, हे घरातलं पुढच्या सगळ्या भांडणांतलं वाक्य आहे. लग्नही कल्याणलाच झालं, त्यामुळे समुद्राशी सोयरीक झाली तरी समुद्र बघायचा राहिलाच.

सासूबाईंनी मुलीबरोबर बरणीभर आमसुलं दिली होती. रोज सकाळी विमल मला आमसुलाचं पाणी करून द्यायची आणि विचारायची, "आज उष्णता कशी आहे?" मला वाटायचं, कोकणात नव्या नवऱ्याची अशीच विचारपूस करत असतील. मी म्हणायचो, "बरी आहे." लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी मोरीत शिरलो. तीन तास झाले. दाराबाहेरून तिचा आवाज आला, "अहो, आता बरं वाटतंय का?"

मी ट्रेमध्ये बघत होतो. कागदावर ढग वर येत होते. "फारच छान आलंय," मी आतून म्हणालो. "अजून थोडं काळं पडलं पाहिजे."

ती घाबरून आईकडे गेली. आई हसून हसून ओट्याला टेकली आणि उष्णतेचा सगळा इतिहास तिने त्या दिवशी सुनेला सांगितला. विमल हसली नाही. ती फक्त म्हणाली, "म्हणजे बरे आहेत ना? मग झालं." आमसुलाचं पाणी मात्र चालू राहिलं.

ती बोलत कमी असे. भाकरी थापायची, नळाला पाणी आलं की हंडे भरायची, संध्याकाळी आईबरोबर विहारात जायची. कधी खिडकीत उभी राहून ऐकत राहायची. मी विचारलं, "काय ऐकतेस?" तर म्हणे, "काय नाय. इथं काहीच वाजत नाय." आमच्या मागच्या रस्त्यावरून दिवसभर कारखान्यांचे ट्रक जायचे. पण ती म्हणत होती ते वेगळं होतं, हे कळायला मला वेळ लागला. मला सगळ्याच गोष्टी कळायला वेळ लागतो. फक्त कागद डेव्हलपरमध्ये किती सेकंद ठेवायचा ते चटकन कळतं.

त्या वर्षी वर्षावासाच्या सुरुवातीला शहरातल्या हौशी लोकांचं फोटोप्रदर्शन होतं. माझं 'वादळ' त्यात लागलं. आकाश इगतपुरीचं, स्टेशनच्या पुलावरून काढलेलं. तिथले ढग माणसाच्या खांद्याला घासून जातात. पाणी सोमेश्वरच्या धबधब्याखालचं, फेसाने खवळलेलं. आणि दीपगृह म्हणजे एका वीटभट्टीचं धुराडं, ज्याच्या टोकाचा धूर मी ब्लेडने खरवडून काढला होता. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. आईने प्रशस्तिपत्रक बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावलं. मी विमलला प्रदर्शनात घेऊन गेलो, आणि सहज फिरतोय असं दाखवत तिला बरोबर माझ्या फोटोसमोर उभं केलं.

ती खूप वेळ बघत राहिली. मला वाटलं, गहिवरली.

"हे पाणी जातंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नदीचं पाणी जातं. समुद्राचं पाणी येतं." मग जरा थांबून, मला वाईट वाटू नये अशा बेताने ती म्हणाली, "आणि हे धुराडं आहे ना?"

मी आठ दिवस रुसलो होतो. एवढे परीक्षक होते, त्यांच्यातल्या एकालाही पाणी कुठे चाललंय ते दिसलं नव्हतं. पण नवव्या दिवशी ऑफिसात बोल्टचं चित्र काढता काढता मी तो फोटो मनात पुन्हा बघितला, आणि खरंच सगळं पाणी डावीकडून उजवीकडे, चौकटीबाहेर, आपापल्या कामाला निघालेलं होतं. एकदा दिसल्यावर ते थांबेचना.

त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ. विहारातून दोघी परत आल्या. वर्षावासात भिक्खूंनी भटकायचं नाही, एका जागी राहायचं, असं काहीसं त्या दिवशी वाचलं गेलं होतं. आई पाय धुता धुता म्हणाली, "तीन महिने एका जागी ऱ्हायाचं म्हंजे लय अवघड काम."

"त्यांना तीनच महिने," विमल म्हणाली.

आई पाय धुवायची थांबली. मग काहीतरी काम काढून ती शेजारी गेली. अशी तिची रीत होती. जिथे बोलायला हवं तिथून ती उठून जायची, म्हणजे बोलणाऱ्याला जागा होते.

विमल माझ्यासमोर येऊन बसली. "घाटातला रस्ता खुला झाला की भाऊ मला न्यायला येणार आहे," ती म्हणाली. "मी जाईन. परत यायचं का नाय, ते तिकडं गेल्यावर ठरवीन. आधीच सांगून ठेवते. मागनं फसवलं असं वाटायला नको."

"आमचं काही चुकलं का?"

"नाय ओ. तुम्ही चांगले आहात. आई तर फारच चांगल्या. पण मी आल्यापास्नं मला कुणी काही विचारलं नाय. मीच रोज विचारते, उष्णता कशी आहे."

तिचं म्हणणं एवढंच होतं. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मला त्या वेळी शहाण्या माणसासारखं काही सुचायला हवं होतं. मला सुचलं ते असं, "पाणी येतं म्हणजे कसं येतं, ते दाखवशील?"

रविवारी आम्ही गिरणाऱ्याकडे जाणारी एस.टी. धरली आणि धरणाजवळ उतरलो. आभाळ खाली आलेलं, पाऊस नुसता भुरभुर, आणि वारा असा की बोललेलं वाक्य अर्ध्यात उडून जावं. धरणाच्या मागच्या बाजूला पाण्याचा अंत दिसत नव्हता; पलीकडचे डोंगर ढगांनी पुसून टाकले होते. विमल काठावर उभी राहिली. वाऱ्याने पाणी काठाच्या दगडांकडे ढकललं जात होतं, आपटत होतं, मागे जात होतं, परत येत होतं. तिने चपला काढल्या. मी पोटाशी कॅमेरा धरून वरून काचेत बघत होतो. त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं, उजवं डावीकडे, आणि सगळं जग स्वप्नातल्यासारखं दुधाळ आणि जरा उशिरा हलणारं असतं. त्या काचेत ती लहान होऊन उभी होती, पदर एका बाजूला उडत होता आणि प्रत्यक्षात तो दुसऱ्या बाजूला उडत होता.

"असं उभं राहून नाय," ती म्हणाली. "वरनं बघितलं की ते तळं दिसतं. खाली बसा. आणखी खाली. समुद्र अंगावर येतो."

मी ओल्या दगडांवर पालथा झोपलो. इस्त्रीची पँट होती. कॅमेरा पाण्यापासून वीतभर अंतरावर, एका दगडावर.

"आता?"

"थांबा. ही नाय. हीपण नाय." ती पाण्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "ही."

मी खटका दाबला. लाट तोंडावर आली. ती हसली. लग्नाला तीन महिने होत आले होते आणि तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

बारा फोटोंचा रोल होता. प्रत्येक लाट तिने निवडली. मधल्या वेळात ती बोलत राहिली, वाऱ्यात, तुकड्या-तुकड्याने, पाण्यालाच सांगत असल्यासारखी. लहानपणी ती आणि भाऊ भांडायला लागले की त्यांची आई म्हणायची, दिवा दहा वेळा फिरून येईस्तोवर कुणी बोलायचं नाय. मग दोघं अंगणात बसून दीपगृहाचा उजेड मोजायचे. उजेड पाण्यावरनं सरकत यायचा, माडांवर टेकायचा, पुढे जायचा. दहा होईपर्यंत कशावरून भांडलो ते आठवायचंच नाही.

"इथं दिवाच नाय," ती म्हणाली. "मग गप्प बसल्यावर परत बोलायला कधी लागायचं, ते मला कळेना."

मी शिंकलो. नाकात पाणी गेलं होतं.

नंतरचे दोन आठवडे आमच्या घरात दीपगृहाचं बांधकाम चाललं. ऑफिसातून मी नकाशे ठेवायचं पुठ्ठ्याचं नळकांडं आणलं. विमल म्हणाली, खाली रुंद हवं, वर निमुळतं. मी तिच्या सांगण्यावरून पेन्सिलीने त्याचं रीतसर ड्रॉइंग केलं; समोरून, बाजूने, वरून. नटबोल्टांचा एवढा सराव कामाला आला. वर दिव्याच्या खोलीच्या जागी शाईची रिकामी दौत, तिच्यावर औषधाच्या बाटलीचं झाकण. अंगाला चुना. "खिडक्या किती?" "तीन. पण एका रेषेत नाय, जिना गोल फिरतो ना, तशा." आई येता-जाता बघायची आणि म्हणायची, "माणसं घर बांधत्यात, हे दिवा बांधायलेत." गच्चीवर, शेगडीतले कोळसे खडक म्हणून मांडून, ढगाळ दुपारी आम्ही त्याचा फोटो काढला. दीपगृहाची उंची दीड फूट भरली.

मग तो रविवार. तीन निगेटिव्हं: इगतपुरीचं आकाश, गच्चीवरचं दीपगृह, गंगापूरचं पाणी. दोन हात पुरण्यासारखं हे काम नव्हतं. विमल मोरीत आली. मी दाराच्या फटीत लुगडं खोचलं आणि लाल दिवा लावला. उलट्या घातलेल्या घंगाळावर ती बसली, हातात काळा पुठ्ठा.

दाराबाहेर आईचा आवाज आला. "दोघंबी आत? आरं, आता शेजारी काय सांगू मी?"

मी काही म्हणायच्या आत विमल म्हणाली, "सांगा, आता मलापण झाली उष्णता."

बाहेर आई किती वेळ हसत होती, ते आम्हाला आत ऐकू येत होतं.

लाल उजेडात माणसाचा चेहरा वयाशिवायचा दिसतो. नळ थेंब थेंब गळत होता आणि तोच सेकंद मोजायला उपयोगी पडत होता. आकाश पाडलं, तिने पुठ्ठा हलवत धरला. पाणी पाडलं. दीपगृह पाडलं. राहिला फक्त उजेड. मी तिला समजावलं की या कामात उजेड पाडता येत नाही. कागदावर जे पडतं ते काळं होतं. उजेड म्हणजे कागदाचा कोरा राहिलेला भाग. म्हणून आकाश पाडण्याच्या वेळीच पुठ्ठ्याची एक निमुळती पट्टी तिथे धरायची, आणि तेवढी सावली राहील तिथे उजेड दिसेल. ते आधी करायला हवं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तीन तासांचं काम आणि एक मोठा कागद वाया गेला. विमलने नवा कागद उचलला.

दुसऱ्यांदा पट्टी तिने धरली, श्वास रोखून. पट्टी जराशी वाकडी झाली. मग कागद ट्रेमध्ये सोडला आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. आधी वादळ आलं. मग लाटा, आमच्याकडे तोंड करून. मग तीन तिरप्या खिडक्या. आणि ढगांमधून, तिने जिथे सावली धरली होती तिथे, उजेडाची वाकडी पट्टी. तिने सावली धरली होती तेवढाच उजेड पडला होता.

"अगं, पण चुकलं," मी म्हणालो. "समुद्र उजवीकडे मोकळा आहे. तू उजेड डावीकडे धरलास, जमिनीकडे. जमिनीवर कोण बुडतंय?"

तिने चिमट्याने कागद उचलून पाणी निथळू दिलं.

"असू दे," ती म्हणाली.

आठ दिवसांनी तिचा भाऊ आला. सदानंद नाव, विशीचा, खांद्याला पिशवी, पायाला घाटातला लाल चिखल. जेवण झाल्यावर त्याने भिंतीवरचा नवा फोटो बघितला आणि मान तिरकी केली.

"ताय, समुद्र बराय. पण दिवा उलटा लागलाय. ह्याचा उजेड घाटाकडं जातोय."

"मग?" विमल भांडी आवरता आवरता म्हणाली. "समुद्रावरच्यांना वाट ठाऊक असते. घाटावरच्यांना कोण दाखवील?"

सदानंदने माझ्याकडे बघितलं. घाटावरचा खोलीत मी एकटाच होतो. आई होती, पण तिला वाट माहीत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पिशवी भरली. मी विचारणार होतो, ठरवलंस का. पण तिने सांगितलं होतं की तिकडे गेल्यावर ठरवीन, आणि ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती. म्हणून मी दुसरंच केलं. कॅमेऱ्यात नवा रोल भरला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि तिच्या हातात दिला.

"खरा समुद्र आण," मी म्हणालो. "बारा फोटो आहेत. पोटाशी धर, वरून बघ. डावं उजवीकडे दिसेल, घाबरू नको."

तिने कॅमेरा घेतला. एस.टी. सुटली तेव्हा तो तिच्या मांडीवर होता.

घरी आलो तर आई दारात. "कॅमेरा कुठं हाये?" मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "बायको गेली ती गेली, वर कॅमेराबी देऊन आलास. आता पुढच्या रविवारी मोरीत जाऊन काय आंघोळ करशील?"

केली. चार रविवार मी मोरीत फक्त आंघोळ केली. लोकांना यात काही विशेष वाटणार नाही, पण मला ती मोरी त्या महिन्यात फार मोठी वाटली. घोंगडी काढल्यामुळे खिडकीतून उजेड यायचा आणि शेवाळलेल्या फरशीवर पडून राहायचा. न्हाव्याकडे गेलो तर कॅलेंडरवरचं दीपगृह बघवेना. मी मान खाली घालून मुकाट्याने केस कापून घेतले. एक पोस्टकार्ड आलं. त्यात तीन वाक्यं होती. 'पोचले. पाऊस आहे. कॅमेरा कोरडा आहे.' आईने ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं आणि म्हणाली, "लिव्हलंय त्यात सगळं." मला काही दिसलं नाही. संध्याकाळी आई एकटीच विहारात जायची. परत आल्यावर मी विचारायचो, आज काय वाचलं. ती म्हणायची, "तुझं लक्ष हाये का?" नसायचं.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. पौर्णिमेच्या आदल्या दुपारी मी गच्चीवर गाद्या वाळत घालत होतो. आकाश धुऊन कोरं झालं होतं, एकही ढग उपयोगाचा नव्हता. खालून आवाज आला.

"मोरी मोकळी आहे का? पाय धुवायचेत."

मी किती पायऱ्या चुकवून खाली आलो ते सांगत नाही. तिच्या एका हातात आमसुलांची बरणी होती आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कॅमेरा. आईने आधी बरणी घेतली, मग तिच्या गालावरून हात फिरवला, आणि शेजारी काहीतरी काम काढून निघून गेली.

रोल त्याच दिवशी धुतला. ओली निगेटिव्हं मी मोरीच्या खिडकीशी उजेडासमोर धरली आणि एकेक चौकट बघत गेलो. शाळेच्या गणवेशातले सासरे, टोपी हातात. दारात उभ्या सासूबाई, पायांशी कोंबड्या. सदानंद. विहिरीवरच्या बायका. कुणाची तरी म्हातारी, हसताना डोळे मिटलेली. घाटाकडे जाणारा रस्ता, लांबून येणारी एस.टी. बारा चौकटी झाल्या. एकाही चौकटीत समुद्र नव्हता. बारा वेळा समुद्राकडे पाठ करून ती उभी राहिली होती.

"समुद्र कुठे?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की या माणसाला अजून सगळंच उशिरा कळतं.

"समुद्र आहे की घरी," ती म्हणाली. "नव्हती ती माणसं आणली."

पुढचे दोन रविवार आम्ही दोघं मोरीत होतो. सासूबाई आणि सासरे यांना त्यांच्या फोटोंतून कापून, काठ घासून, आमच्या समुद्राच्या काठावर उभं केलं. माप माझंच चुकलं. सासूबाई दीपगृहाच्या निम्म्या उंचीच्या झाल्या आहेत आणि एका कोंबडीला लाटेने गिळलंय. पण उजेडाची ती वाकडी पट्टी, जी चुकीच्या बाजूला गेली होती, ती आता बरोबर त्यांच्या डोक्यावरून पुढे जाते. ती दोघं शेवटपर्यंत घाट चढून आली नाहीत. सासऱ्यांना गाडी लागायची, सासूबाईंना कोंबड्या सोडवत नसत. आमच्या भिंतीवर मात्र ती तेव्हापासून आहेत, गंगापूर धरणाच्या काठी, इगतपुरीच्या ढगांखाली.

समुद्र मी पुढे बघितला, सासरी, पुष्कळदा. खरं दीपगृहही बघितलं. आमच्यापेक्षा जाड आहे.

यंदा फोटो उतरवून मी खाली दिला. विमलने तो हातात घेतला, पदराने काच पुसली, आणि दरवर्षी बघते तसं जरा वेळ पाण्याकडे बघितलं. विहाराकडून कुणीतरी माइक तपासत होतं. आई असती तर आत्ता छत्री शोधत असती.

"येतंय ना?" मी स्टुलावरून विचारलं.

"येतंय," ती म्हणाली. "तुम्ही उतरा आता."